देवीच्या कपाळावरची कळी

रत्नागिरीहून तरीने खाडी ओलांडली की पलीकडच्या काठाला आमचं गाव. या गावात माणूस स्वतःच्या जबाबदारीवर फक्त शिंकत असे. बाकी सगळं ग्रामदेवीला विचारून. विहीर कुठे खणू, म्हैस ठेवू की विकू, मुलगी या घरात देऊ की त्या घरात, प्रत्येक गोष्टीचा कौल लावायचा. पद्धत साधी होती. गुरवाने अंघोळ करून गाभाऱ्यात जायचं, तगरीची कळी पाण्यात बुडवायची, देवीच्या पाषाणाच्या कपाळावर चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. कळी देवीच्या उजव्या अंगाला पडली तर हो, डाव्या अंगाला पडली तर नाही. कळीखालचं पाणी सुकायला लागेल तेवढ्या वेळात माणसाच्या जन्माचा निकाल लागायचा. सरकारी कोर्टाने लाजावं इतक्या झटपट.

गावात एक गृहस्थ केस कापायचे झाले तरी कौल लावत. एका साली देवी त्यांच्यावर रुसली आणि दर खेपेला डावं देत गेली. त्यांच्या जटा एवढ्या वाढल्या की पावसाळ्यात बायकोने त्यांच्यावर पडवळाचा वेल चढवला. ती पडवळं मी स्वतः खाल्ली आहेत. किंचित तेलकट लागत, एवढंच.

अशा गावात मी आणि माझा चुलतभाऊ एकाच आठवड्यात, एकाच घरात, एकाच सुईणीच्या हातावर जन्मलो. घराच्या मधोमध भिंत म्हणून एक कूड होता. पलीकडे काका-काकू, अलीकडे आई-बाबा. आमच्या जन्माच्या आनंदात आजोबांनी परसात दोघांच्या नावाने दोन माड लावले. आजोबा जाणते होते, पण इथे त्यांनी घोटाळा केला. दोन माड शेजारी शेजारी लावले की माणसं त्यांच्याकडे माड म्हणून बघत नाहीत, शर्यत म्हणून बघतात. त्याचा माड पोलिसासारखा ताठ वाढला आणि वेळेवर धरला. माझा माड लहानपणीच कुठेतरी निघाल्यासारखा खाडीकडे कलला आणि नारळाचं नाव घेईना. आई पाणी घालताना रोज त्याच्याशी बोलायची, "अरे, तो बघ, तो बघ." सुरुवातीला मला वाटायचं ती माडाला सांगते आहे.

चुलतभाऊ पहिल्या फटक्यात मॅट्रिक झाला. मी परीक्षेला बसलो आणि बसलेलाच राहिलो. त्याच्या नोकरीचा कौल लावला तेव्हा कळी कपाळाला टेकते न टेकते तोच उजवीकडे अशी सुटली की गुरवाच्या कानात जाऊन बसली. पुढच्याच आगबोटीने तो मुंबईला गेला आणि एका पेढीवर चिकटला. त्यानंतर वर्षभर कुडाच्या पलीकडून काकूचा आवाज येत राहिला. आमचा असं करतो, आमचा तसं करतो, आमच्याला पायात बूट लागतात. आमच्या बाजूला आई एकेक वाक्य ऐकून माझ्याकडे बघायची. तिने तोंडाने काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी माझा निकाल पुन्हा होता तसाच आला. तेव्हा बाबांनी ठरवलं की आता देवीच काय ते सांगो. प्रश्न असा होता, की याला मुंबईला याच्या मामाच्या धान्याच्या गुदामात पाठवू का? उजवी पडली तर जन्मभर पोती शिवायची. डावी पडली तर जन्मभर बाबांच्या नजरेखाली बाग राखायची आणि दोन माडांच्या मधून ये-जा करायची. मला यातलं काय हवं होतं ते विचारू नका. तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं. दोन्हींचा कंटाळा सारखा आणि दोन्हींची ओढही सारखीच.

ज्येष्ठाचा महिना होता. सगळीकडे फणसाचा घमघमाट. आम्ही देवळात गेलो तेव्हा गुरव मागच्या पडवीत फणस फोडून नुकताच उठला होता. घाईने अंघोळ करून आला, कळी बुडवली, देवीच्या कपाळावर लावली, प्रश्न विचारला. आम्ही हात जोडून उभे राहिलो.

कळी पडली नाही.

पाणी सुकलं असणार, असं मानकरी म्हणाले. गावच्या गाऱ्हाण्यांचा मान त्यांच्याकडे होता. थोड्या वेळाने आमचीही तोंडं सुकली. माणसं जेवून आली, वामकुक्षी करून आली, कळी तिथेच. दुसऱ्या दिवशी तिथेच. आठवड्यानेही तिथेच, फक्त पांढऱ्याची तपकिरी झालेली. गुरव देवीला अंघोळ घालायचा ती कळीच्या कडेकडेने, न्हाव्याने तीळ चुकवावा तशी.

आता इथे एक नियम होता. देवी एका वेळी एकाच माणसाचं ऐकते. पहिली कळी पडल्याशिवाय दुसरी लावता येत नाही. देवीच्या अंगावरच्या कळीला कुणी हात लावायचा नाही, हा दुसरा नियम. म्हणजे माझा निकाल अडला तो अडलाच, माझ्यामागे सगळं गाव अडलं. कुणाची विहीर, कुणाची म्हैस, कुणाच्या मुलीचं लग्न, जटावाल्यांची हजामत, सगळं माझ्या कळीमागे रांगेत उभं. नापास झालेल्या पोराची एवढी वट आजवर कुठल्या गावात झाली नसेल. वाटेवर भेटणारा प्रत्येक माणूस विचारायचा, "काय रे, पडली का तुझी?" आणि मी नाही म्हटलं की माझ्याकडे असं बघायचा, जणू मीच तिथे कपाळाला कपाळ लावून ती धरून ठेवली आहे.

मग बाबांना वाटलं, कळी कुणी नसताना पडली आणि वाऱ्याने इकडची तिकडे गेली तर? कुणीतरी डोळा ठेवून बसलंच पाहिजे. ते म्हणाले, "तुझी कळी, तूच राख." अशा रीतीने मी देवळाच्या सभामंडपात गाभाऱ्याकडे तोंड करून बसू लागलो. सकाळी यायचं, दुपारी आईने पाठवलेला भात खायचा, दिवेलागणीला गुरव दार लावेपर्यंत कळीकडे बघायचं. माझ्या वयाची मुलं मुंबईत पैसा मिळवत होती, बोटीवर खलाशी होऊन एडनपर्यंत जात होती, आणि मी एका सुकलेल्या कळीचा पहारेकरी होतो.

काही दिवसांनी दुपारच्या निवांत वेळी गुरव माझ्याजवळ येऊन बसला. त्याचा चेहरा कळीसारखाच तपकिरी झाला होता. इकडे तिकडे बघून त्याने सांगितलं, की त्या दिवशी फणस फोडल्यावर हात पाण्याने धुतले होते, पण खोबरेल लावायचं राहून गेलं. बोटाला चीक होता.

ज्यांना फणसाचा चीक माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या घरात एकदा उंबऱ्यावर चीक सांडला आणि त्यावर मांजर बसलं. त्या मांजराचं पुढचं सगळं आयुष्य उंबऱ्यावर गेलं. आम्ही त्याला दूध तिथेच द्यायचो आणि पाहुण्यांना मागच्या दाराने घ्यायचो. चिकावर पाण्याचं काही चालत नाही, त्याला तेलच लागतं.

"बाबू, कुठे बोलू नको हां," गुरव म्हणाला. "गुरवकी जाईल माझी. बोटाला तेल लावून येतो नि हलकेच सोडवतो. कुणी नाय बघणार. फक्त कुठल्या अंगाला पाडू, तेवढं सांग."

बघा म्हणजे. देवीने, बाबांनी, मामाने, परीक्षा घेणाऱ्यांनी जे माझ्या हाती कधी दिलं नाही ते गुरवाने चिकट बोटांनी माझ्या हातात ठेवलं. मी डोळे मिटून विचार केला. उजवी म्हणावं तर मामाची पोती दिसत आणि पोत्यांच्या पलीकडे बूट घातलेला चुलतभाऊ. डावी म्हणावं तर परसातले दोन माड. दोन्हीकडे माझ्या आधी तोच पोचलेला. फक्त एकच जागा होती जिथे तो कधी गेला नव्हता. ती म्हणजे ही, मी बसलो होतो ती. त्याची कळी अडकलीच नव्हती, त्याला इथलं काय माहीत असणार?

मी म्हटलं, "असू दे गुरवदादा. जिच्या कपाळावर आहे तिला घाई नाही, तर आपल्याला कसली?"

गुरवाने माझ्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. त्या दिवसापासून नैवेद्यातला मोठा वाटा माझ्याकडे येऊ लागला.

पण गावाची घाई कमी होत नव्हती. रोज कुणी ना कुणी येऊन कळीकडे बघे, मग माझ्याकडे बघे, आणि बाह्या वर करी. मार चुकवण्यासाठी मी त्यांना गोष्टी सांगू लागलो. पहिली गोष्ट आजोबांची आणि कुर्लीची. आजोबा खाडीत होडी घेऊन गेले असता एका कुर्लीने, म्हणजे खाडीतल्या खेकडीने, नांगी टाकून होडी धरली आणि आजोबांसकट ओढत थेट राजापूरला नेली. कुर्लीएवढी कुर्ली, ती राजापूरला कशाला जाईल, असं कुणी विचारलं तर मी म्हणायचो, बाजारहाट करायला. माणूस हसला की बाह्या आपोआप खाली येत. दुसऱ्या दिवशी तोच माणूस परत येई. कळी बघायला आलो म्हणे, पण पाठ गाभाऱ्याकडे आणि तोंड माझ्याकडे करून बसे. मग बायका निवडायचे तांदूळ घेऊन येऊ लागल्या. म्हातारे सुंभ वळत बसू लागले. गोष्ट लांबतच गेली. कुर्लीला राजापुरात पोचवायला मला सगळा श्रावण लागला.

आणि एक गंमत झाली. रांगेतल्या लोकांचे प्रश्न थांबून थांबून स्वतःच कंटाळले. म्हैस विकू की ठेवू म्हणणाऱ्याची म्हैस तेवढ्यात व्याली. आता कोण विकतो. विहिरीवाल्याच्या अंगणात भर पावसात एका जागी जमीन खचली आणि पाणी वर आलं, त्याने तिथेच दगड रचले. ज्या मुलीच्या लग्नाचा कौल लावायचा होता तिचा होणारा नवरा कळी पडली का ते बघायला खाडीपलीकडून वरचेवर येऊ लागला. त्याच वेळी तीही तांदूळ निवडायला येई. तिने निवडलेल्या तांदळात इतके खडे राहू लागले की तिच्या घरच्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं. जटावाल्यांना बायकोने झोपेत भादरलं. आणि गावात कुणाचंच काही ठरलेलं नसल्यामुळे कुणी कुणाला "तो बघ" म्हणेना. बघण्यासारखा होता कोण?

भाद्रपद सरत आला आणि नवरात्र तोंडावर आलं. तेव्हा मानकऱ्यांच्या लक्षात आलं की घटस्थापनेला देवीला चांदीचं रुपं, म्हणजे मुखवटा, चढवायचं असतं, आणि रुपं चढवायचं तर कपाळ मोकळं हवं. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सकाळी सगळ्या गावाने जमायचं, देवीला गाऱ्हाणं घालायचं आणि कळी मोकळी करून घ्यायची, असं ठरलं. बाबांनी मामाला निरोपही धाडला, पोतं शिवायची सुई तयार ठेव म्हणून. त्यांना वाटत होतं, उजवीच पडणार.

आणि त्याच सुमाराला, काही सण नसताना, चुलतभाऊ आगबोटीने येऊन उतरला. काकूने सांगितलं, रजा शिल्लक होती म्हणून आला. तो देवळात येऊन बूट काढायचंही विसरून माझ्या शेजारी बसला. बुटांना आरशासारखी चकाकी, पण एका बुटाचा तळ बाजूने उघडून हसत होता. बराच वेळ कळीकडे बघून तो हळूच म्हणाला, की पेढीने पावसाळ्याआधीच त्याला रजा दिली आहे, कायमची. मुंबईत जिकडे तिकडे हेच चाललंय. खोलीवरच्या माणसांना कळू नये म्हणून तो रोज बूट चकाकवून बाहेर पडतो आणि संध्याकाळपर्यंत नुसता चालतो. आता इथे गुपचूप कौल लावायला आला होता. पण माझी कळी बसलेली.

"म्हणजे ही पडेस्तोवर मला पण काही विचारता येणार नाही?" त्याने विचारलं.

मी नाही म्हटलं. मला वाटलं तो चिडेल. त्याने बूट काढले, पाय पसरले, खांबाला टेकला, आणि वर्षभराचा श्वास एकदम सोडला. मग वाटेत ऐकलेलं आठवून म्हणाला, "कुर्लीचं कुठवर आलं?"

घटस्थापनेच्या आदल्या दिवशीची सकाळ उजाडली. गुरवाने देवीला रुप्याआधीचं रीतीचं तेल चोपडलं. चोपडताना त्याचा हात कपाळावर जरा जास्तच रेंगाळला, हे मी बघितलं आणि खांबाकडे बघू लागलो. सगळं गाव मंडपात दाटलं होतं. गुरवाची तांबडी कोंबडी पायांमधून हिंडत होती. मानकऱ्यांनी नारळ ठेवला आणि गाऱ्हाण्याला सुरुवात केली.

"बा देवी म्हाराजा, ह्या पोराचा निकाल तुझ्या कपाळी अडकलाय."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणालं.

"कुणाच्या हातून काय चुकलं-माकलं असेल, तर ते पदरात घाल."

"व्हय म्हाराजा." यात गुरवाचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

"उजव्या अंगाला टाक, नायतर डाव्या अंगाला टाक, पण टाक."

"व्हय म्हाराजा."

सगळे टक लावून बसले. कळी हलेना. उन्हं वर आली, पोरं चुळबुळायला लागली, कुणी पायाला मुंग्या आल्या म्हणालं. मग मागून कुणीतरी म्हणालं, की नुसतं बसण्यापेक्षा कुर्लीचं पुढे होऊन जाऊ दे. मी बाबांकडे बघितलं. ते गाभाऱ्याकडेच बघत होते. मी सुरू केलं. कुर्ली आजोबांना घेऊन राजापूरच्या बाजारात शिरली होती आणि एका कासाराकडे दोन्ही नांग्यांत बांगड्या भरून घेत होती. बांगड्या चढेनात म्हणून कासार तिला म्हणतो, बाई, हात सैल सोडा. इथे मी कुर्लीने सैल सोडलेला हात करून दाखवला. मंडप असा हसला की वरची कौलं जागची सरकली, आणि दोन कबुतरं गाव सोडून कायमची निघून गेली.

हसू ओसरल्यावर गुरव म्हणाला, "कळी?"

कपाळ मोकळं होतं. सगळ्या गावाने गाभाऱ्यात मान घातली. उजवीकडे काही नव्हतं, डावीकडे काही नव्हतं. मध्ये तांबडी कोंबडी उभी होती. तिने मान उंच केली, काहीतरी गिळलं, आणि आमच्याकडे बघून पापणी मिटली.

मग जी भांडणं झाली ती ऐकून देवीनेच कान झाकले असतील. कुणी म्हणालं, कोंबडीचं तोंड उजवीकडे होतं. कुणी म्हणालं, चोच डावीकडे वाकली होती. एकाने सुचवलं, तिला कापून बघू. त्यावर दुसऱ्याने विचारलं, पोटात कुठे पडली त्यावरून कौल धरायचा का? बाबा मला एकच विचारत होते, तू काय बघितलंस, आणि मी खरं तेच सांगत होतो, की मी कुर्ली बघत होतो. शेवटी मानकरी म्हणाले, दुसरी कळी लावा. गुरव या खेपेला कोपरापर्यंत खोबरेल चोळून तयारच होता.

"थांब," बाबा म्हणाले.

ते माझ्याकडे वळले. एवढ्या माणसांत ते पहिल्यांदाच नीट माझ्याकडे, माझ्या पलीकडच्या कुणाकडे नाही, असे बघत होते. "तुला काय वाटतं?"

मी मागे वळून बघितलं. मला वाटलं, त्यांनी दुसऱ्या कुणाला विचारलं.

"मला अजून कळलेलं नाही," मी म्हटलं.

"कधी कळेल?"

"ते पण माहीत नाही."

गुरवाच्या कोपरावरून तेल ठिबकत होतं. बाबांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, जमिनीवर टाकलं आणि त्यावर मांडी घालून बसले. "बरं," ते म्हणाले. "मग तोपर्यंत त्या कुर्लीच्या बांगड्यांचं काय झालं, ते तरी सांग."

गुरवाने तयार केलेली कळी वाया जाऊ नये म्हणून हाक मारली, पुढचा कोण? कुणीच उठेना. जटावाल्यांनी सवयीने हात वर केला होता, पण डोक्यावरून हात फिरवून खाली घेतला. मग चुलतभाऊ उभा राहिला. देवीला प्रश्न मोठ्याने सांगावा लागतो. त्याने सांगितला. नोकरी गेली, पुढे काय करू. काकूचं बोट कित्येक वर्षांच्या सवयीने माझ्याकडे उठलं, अर्ध्या वाटेवर थांबलं, आणि कुठे न्यावं ते न समजून तिने त्याच बोटाने डोकं खाजवलं. मग तिने पोराला जवळ ओढलं. तो म्हणाला, माझंही राहू दे, आधी कुर्ली होऊ दे. आणि अनवाणी पायांनी येऊन माझ्याजवळ बसला.

त्या साली मी मुंबईला गेलो नाही. पुढे गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. ते सगळं असंच तोपर्यंत, तोपर्यंत करत झालं. मामाची सुई अजून माझी वाट बघत असेल. कोंबडीला मात्र कापायची कुणाची छाती झाली नाही. गावात पाहुणे आले, सण आले, तिच्या बहिणी-भाच्या रश्शात गेल्या, पण पोटात माझा निकाल असल्यामुळे तिला कुणी हात लावला नाही. म्हातारपणाने मेलेली कोकणातली ती एकटीच कोंबडी. शेवटी शेवटी तिला दिसत नसे, ऐकू येत नसे, आणि ती दिवसभर माझ्या कललेल्या माडाखाली बसून असे. त्याला नारळ धरत नव्हते, म्हणून डोक्यात पडायची भीती नव्हती.